ट्रॉयचे युद्ध, मुले आणि वत्सगुल्माचा राजा

ग्रीक कथा मराठीत प्रथम रुजल्या त्या लढायांच्या रूपाने नव्हे, तर बोधकथांच्या रूपाने. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ साली मुंबईत प्रसिद्ध झाली. पुढे कोल्हा आणि द्राक्षे, सिंह आणि उंदीर मराठी घरांत असे रुळले की ते परके आहेत याची आठवणही उरली नाही. ट्रॉयच्या युद्धाला हे भाग्य लाभले नाही. आपल्या विद्यार्थ्याला त्यातल्या बहुधा दोनच गोष्टी ठाऊक असतात : लाकडी घोडा आणि अकिलीसची टाच. गंमत अशी, की होमरच्या ‘इलियड’मध्ये या दोन्ही नाहीत. घोड्याची हकीकत ‘ओडिसी’त ओझरती आणि व्हर्जिलच्या ‘इनीड’मध्ये सविस्तर येते. नदीत बुचकळताना टाच तेवढी कोरडी राहिल्याचा प्रसंग आज उपलब्ध साहित्यात प्रथम सापडतो तो स्टेशियस या रोमन कवीकडे, म्हणजे होमरनंतर काही शतकांनी.

मग ‘इलियड’मध्ये आहे काय? दहा वर्षांच्या वेढ्यातील अखेरच्या वर्षाचे काही मोजके दिवस. चोवीस सर्गांच्या या काव्याचा आरंभ अकिलीसच्या क्रोधाने होतो आणि शेवट शत्रूपक्षाच्या हेक्टरच्या अंत्यसंस्काराने. नगर अजून पडलेले नाही, विजय कोणाचाच झालेला नाही. मुलांसाठी सांगणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते, कारण ‘पुढे काय झाले?’ हा मुलांचा पहिला प्रश्न असतो. म्हणूनच पॅड्रिक कोलम (१९१८) किंवा रोझमेरी सटक्लिफ (१९९३) यांच्यासारख्या इंग्रजी पुनर्कथनकारांनी होमरच्या मागची-पुढची कथा जोडून घेतली.

ही मोडतोड होमरशी द्रोह आहे काय? याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आमच्या वाशीमपर्यंत आले तरी पुरते. प्राचीन वत्सगुल्म ते हेच. चौथ्या शतकात येथे वाकाटकांची जी शाखा राज्य करू लागली, तिचा संस्थापक सर्वसेन. त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमलाच सापडला. हा सर्वसेन कवीही होता. श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजात आणल्याची कथा त्याने ‘हरिविजय’ या महाराष्ट्री प्राकृत काव्यात सांगितली. काव्य आज लुप्त आहे. इतरांनी उद्धृत केलेल्या गाथा तेवढ्या उरल्या आहेत. परंतु नवव्या शतकातील काश्मीरच्या आनंदवर्धनासमोर ते होते. ‘ध्वन्यालोका’त तो म्हणतो, की परंपरेने आलेल्या कथेत रसाला प्रतिकूल असे काही असेल तर कवीने ते टाकावे आणि रसानुकूल असे नवे कल्पावे, नुसता वृत्तान्त सांगणे हे कवीचे प्रयोजन नव्हे, ते काम इतिहासानेच होते. उदाहरणे म्हणून तो तीन नावे घेतो : कालिदासाचे प्रबंध, सर्वसेनाचे ‘हरिविजय’ आणि स्वतःचे ‘अर्जुनचरित’. वाशीमच्या राजाचे पुनर्कथन असे कालिदासाच्या पंक्तीला जाऊन बसले.

या कसोटीवर प्रश्न बदलतो. किती वगळले, हे मोजण्यापेक्षा वगळल्यावर रस टिकला की नाही, हे पाहावे लागते. जहाजांची लांबलचक यादी गाळली तर मुलांचे काही बिघडत नाही. पण सहाव्या सर्गातला एक प्रसंग गाळला तर काव्याचा प्राणच जातो. रणांगणाकडे निघालेला हेक्टर आपल्या तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो. शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून मूल घाबरून दाईला बिलगते. आईबाप हसतात आणि हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो. युद्ध मुलाच्या डोळ्यांना कसे दिसते, हे होमरने इथे सांगून ठेवले आहे.

आणखी एक मोह टाळायला हवा. मुलांना समजावे म्हणून आपण अकिलीसला कर्णाशेजारी नेऊन बसवतो. दिव्य जन्म, अभेद्य देह, अकाली मरण, अशी साम्ये दिसतातही. परंतु रामायण ऐकून वाढलेले मूल लगेच विचारते, ‘यांतला रावण कोण?’ होमरकडे रावण नाही. हेक्टर अधर्माच्या बाजूने लढत नाही. तो आपल्या गावासाठी लढतो. त्याला खलनायक केले की कथा सोपी होते, पण ती ‘इलियड’ची उरत नाही. इथे बदल रसाला अनुकूल नसून प्रतिकूल ठरतो.

शेवटाचेही तसेच. वृद्ध प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत येतो आणि ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्याच हातांचे चुंबन घेऊन त्याचा देह मागतो. अकिलीसला दूर घरी असलेला स्वतःचा म्हातारा बाप आठवतो, दोघेही रडतात. मग अंत्यविधीसाठी किती दिवस हवेत, असे तो विचारतो आणि तितके दिवस युद्ध थांबवण्याचे वचन देतो. मुलांच्या महाभारतातून आपण स्त्रीपर्व असेच वगळत आलो आहोत. दुर्योधन पडला की आपली गोष्ट संपते. वस्तुतः त्याच आनंदवर्धनाने महाभारताचा प्रधान रस शांत मानला, तो यादव-पांडवांच्या विषण्ण शेवटाकडे बोट दाखवूनच.

मुलांना हे पेलवणार नाही, ही भीती मोठ्यांची असते. रक्तपाताची वर्णने आपण त्यांना बिनदिक्कत देतो आणि शोक तेवढा लपवतो. परिणामी युद्ध म्हणजे पराक्रम एवढेच त्यांच्या हाती लागते. उद्या कोणी मराठीत मुलांसाठी ‘इलियड’ सांगायला बसला, तर त्याने घोडा खुशाल घ्यावा, टाचही घ्यावी. सर्वसेनाच्या गावात त्याला कोणी अडवणार नाही. फक्त जमिनीवर ठेवलेले ते शिरस्त्राण आणि प्रायमची ती रात्र यांना मात्र त्याने हात लावू नये.