साडेपाच इंचांचं कूळ

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या रिमच्या धंद्यात माझी उमेदीची वर्षं गेली. गिऱ्हाईक आल्या आल्या रिम किती इंची ते विचारतं. मी आधी ती पालथी करून भोकं मोजतो. रिमचा व्यास, रुंदी कंपन्या मॉडेलगणिक बदलतात. भोकांचं वर्तुळ, म्हणजे आमच्या बाजारातलं पीसीडी, सहसा पिढ्यानपिढ्या चालतं.

जीपच घ्या. १९४१ साली विलीज कंपनीने अमेरिकी सैन्यासाठी बांधलेल्या गाडीला साडेपाच इंची वर्तुळावर पाच स्टड होते. युद्धानंतर महिंद्रांनी ती जीप मुंबईत जुळवायला घेतली आणि ते माप इथे रुजलं. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. गाडी सुझुकीची, मापं मिलिमीटरची. पण तिचे १३९.७ मिलिमीटर म्हणजे तेच साडेपाच इंच. २०२३ च्या जिम्नीचंही तेच. पाच भोकांत एकाही भोकासमोर दुसरं भोक येत नाही, म्हणून मी शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर धरतो. ८२ मिलिमीटर भरलं की जीपचं कूळ. जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे आटेही उलटे असत, धावताना नट सैल पडू नयेत म्हणून. ते ठाऊक नसलेली पोरं पान्यावर उभी राहून स्टड मोडायची, फार जीव हळहळायचा.

भोकं जुळली म्हणजे रिम बसली, असं नाही. ऑफसेट, म्हणजे रिमची बसायची बाजू तिच्या मध्यरेषेपासून जेवढी आत-बाहेर असते ते अंतर, चुकला की चाक मडगार्डच्या बाहेर येतं, बेअरिंगवर भार वाढतो, स्टिअरिंग जड होतं. रुबाबासाठी तशी रिम मागणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो.

सर्वांत घातकी फरक फियाटचा. फियाटच्या बांधणीची प्रीमियर पद्मिनी इथेच कुर्ल्यात बनायची. तिचं चार भोकांचं वर्तुळ ९८ मिलिमीटर, पुढे आलेल्या फियाट पॅलिओचंही तेवढंच. बाजारात मात्र १०० मिलिमीटरच्या अलॉय रिम ढिगाने आल्या. दोन मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत. बोल्ट तिरके शिरतात, पान्याला घट्ट लागतात, पण चाक मध्यावर बसत नाही आणि रस्त्यावर बोल्ट ढिले होतात. म्हणून दुकानात मी पाना आधी लावूच देत नाही. चारही बोल्ट बोटांनी फिरवायचे, प्रत्येकाचं निमुळतं बूड भोकात सरळ बसलं तरच पाना.