होनोलूलू येथील मिशन-घरें

जुनी वास्तु ही इतिहासाची साक्षीदार खरी, परंतु तिची जबानी तपासूनच घ्यावी लागते. हवाई बेटांतील होनोलूलू येथें ख्रिस्ती मिशनच्या जुन्या घरांचें जें संग्रहालय आहे, त्याचा विचार आम्ही याच दृष्टीनें करणार आहों. मराठी वाचकांस हा विषय अगदींच परका नाहीं. बोस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डाचे पाद्री गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ सालीं मुंबईस उतरले, त्याच बोर्डाची पहिली टोळी ‘थॅडियस’ जहाजानें १८२० च्या एप्रिलांत हवाईस पोहोंचली.

तेथील जुना धर्म या पाद्र्यांनीं मोडला, असा समज आढळतो. कालानुक्रम पाहतां तो टिकत नाहीं. पहिला कामेहामेहा राजा १८१९ च्या मे महिन्यांत वारला व त्याच वर्षीं लिहोलिहो राजा आणि राणी काआहुमानू यांनीं ‘कापू’ नांवाचे धर्मनिर्बंध स्वतःच रद्द केले. पाद्री आले ते त्यानंतर.

संग्रहालयांतील सर्वांत जुनें घर लांकडी आहे. त्याचे वासे व फळ्या बोस्टनकडे कापून तयार झाल्या, केप हॉर्नला वळसा घालून जहाजानें आल्या आणि १८२१ सालीं जागेवर जोडण्यांत आल्या. हवाईंतील आज उभ्या असलेल्या लांकडी सांगाड्याच्या घरांत हें सर्वांत जुनें होय. शेजारचें चेंबरलेन यांचें घर १८३१ चें; तें मात्र समुद्रांतून कापून काढलेल्या प्रवाळाच्या चिऱ्यांचें आहे. परदेशी लांकडाची जागा दहा वर्षांत स्थानिक दगडानें घेतली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. छापखाना म्हणून दाखविण्यांत येणारी इमारत १८४१ ची आहे. छपाईस आरंभ झाला ७ जानेवारी १८२२ रोजीं. तेव्हां पहिली छपाई याच जागीं झाली असें मानूं नये.

त्या दिवशीं केआउमोकू नांवाच्या सरदारानें छापयंत्राचा दांडा ओढिला. १८२६ सालीं हवाई भाषेसाठीं बारा रोमन अक्षरें मुक्रर झालीं, आणि १८३९ पर्यंत संपूर्ण बायबल त्या भाषेंत छापून निघालें. लेखनविद्या नसलेल्या या बेटांत पुढें थोड्याच काळांत हवाई भाषेंतील वर्तमानपत्रेंहि निघूं लागलीं.

परंतु साक्ष येथें संपत नाहीं. १८९३ सालीं लिलिउओकलानी राणीस पदच्युत करणाऱ्यांचे एक पुढारी लॉरिन थर्स्टन हे पहिल्या टोळींतील एसा थर्स्टन यांचे नातू. नव्या सरकारचे अध्यक्ष सॅनफर्ड डोल हेहि मिशनरीपुत्रच. याच राजवटीच्या १८९६ च्या कायद्यानें शाळांतील शिक्षण इंग्रजींतून देण्याचें ठरलें. आजोबांनीं छापलेली भाषा नातवांच्या राज्यांत शाळेबाहेर गेली. तिला पुन्हा राजभाषेचा मान मिळाला तो १९७८ सालीं.

ही घरें मिशनऱ्यांच्या मुलांनीं १८५२ सालीं स्थापिलेल्या संस्थेनें पुढें जतन केलीं. त्यामुळें तेथील मांडणींत पूर्वजांविषयीं ममत्व असणें स्वाभाविक आहे. तथापि त्याच संस्थेच्या दप्तरांत हवाई सरदारांनीं स्वभाषेंत लिहिलेलीं पत्रेंहि सुरक्षित राहिलीं. घर पाद्र्यांची बाजू सांगतें. दुसरी बाजू या पत्रांत शोधावी लागेल. आपल्याकडील अमेरिकन मराठी मिशनच्या वास्तु व कागद अभ्यासतांनाहि हीच रीत अवलंबावी, असें आमचें मत आहे.