माळ कीं रान ?

मुळा आणि पवना या दोन नद्या सह्याद्रीच्या कुशींतून निघून पूर्वेकडे वाहत येतात व पुण्याच्या उशाशीं, दापोडीजवळ, एकमेकींस मिळतात. या दोन नद्यांच्या बेचक्यांत, मुळशी तालुक्याच्या अगदीं पूर्वेच्या कडेला, मारुंजी हें गांव वसलें आहे. शेजारच्या हिंजवडीस संगणकाच्या व्यवसायाची पेठ बसल्यापासून हें नांव पुणेकरांच्या तोंडीं झालें. गांवाबाहेरच्या उंचवट्यावर उभें राहून पश्चिमेस पाहिलें म्हणजे डोंगरांच्या रांगा एकामागून एक निळ्या होत गेलेल्या दिसतात. आणि पूर्वेस, जेथें अद्याप इमारती झाल्या नाहींत तेथें, उघडा माळ दिसतो.

कांहीं वर्षांपूर्वीं एका पावसाळ्यांत आमच्या विद्यार्थ्यांना घेऊन मीं या बाजूच्या माळावर झाडें लावलीं. खड्डे खणण्याचें काम चाललें असतां शेळ्या राखणारे एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन उभे राहिले. थोडा वेळ पाहून ते म्हणाले, “मास्तर, झाडं लावताय ते बरंच हाय. पर हितं रान व्हतं, असं तुमास्नी सांगितलं कुणी? माझा आजाबी या माळावर गवातच कापायचा.” मीं विचारलें, “आणि त्यांच्या आधीं, बाबा?” ते हंसून म्हणाले, “ते देवाला ठावं.” पुढच्या वैशाखांत जाऊन पाहतों, तों बहुतेक रोपें वाळून गेलेलीं होतीं. त्याचें फारसें आश्चर्य वाटलें नाहीं. पण खड्ड्यांच्या भोंवतालचें जें गवत आम्हीं उपटून टाकलें होतें, तेंही परत आलें नव्हतें, हें पाहून मात्र मनास चुटपुट लागली. मी इतिहासाचा शिक्षक. आणि ज्या जमिनीचा जीर्णोद्धार करावयास मी निघालों होतों, तिचा इतिहास विचारण्याचें मला सुचलें नव्हतें! तो या लेखांत विचारण्याचा माझा यत्न आहे.

आपल्याकडे झाडांविषयीं राज्यकर्त्यांनीं विचार केलाच नव्हता, असें नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, म्हणजे १७१५ च्या सुमारास, आरमाराच्या लांकडाविषयीं स्पष्ट ताकीद आहे. आंबा, फणस यांसारखीं झाडें रयतेनें वर्षानुवर्षें जपून वाढविलेलीं असतात. तीं बळजबरीनें तोडूं नयेत. एखादें झाड जीर्ण झालें असल्यास धन्यास राजी करून व त्याचें मोल देऊन मगच तोडावें, असा त्या ताकिदीचा आशय आहे. यांत वनशास्त्र नाहीं. परंतु झाड हें कोणाचें तरी आहे आणि त्यास वाढावयास काळ लागतो, या दोन गोष्टी त्यांत पक्क्या धरलेल्या आहेत. पुढील दीडशें वर्षांत शास्त्र आलें, पण यांपैकीं पहिली गोष्ट विसरली गेली.

शास्त्र आलें तें मारुंजीपासून फार दूर नव्हे, त्याच मुळा-पवनेच्या संगमाजवळ. दापोडीस, ज्या गांवास इंग्रज दापुरी म्हणत, १८२८ सालीं सरकारी वनस्पति-उद्यान सुरू झालें. १८३८ पासून त्याची व्यवस्था अलेक्झांडर गिब्सन या कंपनी सरकारच्या शस्त्रवैद्याकडे होती. त्यानें उद्यानांत औषधी वनस्पतींची लागवड केली, आणि त्याच्या देखरेखीखालीं एका हिंदी चित्रकारानें काढलेलीं तेथील झाडांचीं सुंदर चित्रें आज एडिंबरोच्या वनस्पति-उद्यानांत जपून ठेविलेलीं आहेत. पण गिब्सनची खरी कामगिरी निराळी. कोंकणांत व घाटमाथ्यावर हिंडतांना त्यास असें दिसून आलें कीं, ज्या डोंगरांवरचीं झाडें गेलीं त्यांच्या पायथ्याचे झरे आटूं लागले, आणि नद्यांची व खाड्यांची तोंडें गाळानें भरूं लागलीं. हें त्यानें सरकारास वारंवार लिहून कळविलें. १८४७ सालीं मुंबई इलाख्यांत जंगलांचा संरक्षक हा हुद्दा निर्माण होऊन त्यावर त्याचीच नेमणूक झाली. सबंध हिंदुस्थानासाठीं ब्रँडिस हा जंगलांचा मुख्य अधिकारी झाला तो १८६४ सालीं. म्हणजे त्याच्या सतरा वर्षें आधीं आमच्या इलाख्यांत वनरक्षणाचें खातें चालू झालें होतें.

गिब्सनचें निरीक्षण मोलाचें होतें, यांत शंका नाहीं. मात्र त्या काळच्या विद्वानांच्या मनांत दोन समजुती घर करून बसल्या होत्या. पहिली ही कीं, जो डोंगर आज उघडा आहे, तो पूर्वीं कधीं तरी रानानें झांकलेला असलाच पाहिजे. आणि दुसरी ही कीं, तो उघडा झाला तो कुणब्याच्या कुऱ्हाडीनें व धनगराच्या मेंढरांनीं. या समजुतींची परीक्षा कोणी केली नाहीं. त्यांच्यावर कायदे मात्र उभारले गेले. १८६५ चा, नंतर १८७८ चा आणि शेवटीं १९२७ चा, असे जंगलचे कायदे झाले. राखीव जंगलांत गुरें चारणें, पाला तोडणें, फांटा आणणें हे आजवर चालत आलेले हक्क सरकारच्या मर्जीवर राहिले. गांवासाठीं निराळें जंगल राखण्याची तरतूद १८७८ च्या कायद्यांत होती. पण ती बहुतांशीं कागदावरच राहिली. जोतीराव फुले यांनीं १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जंगलखात्यावर जे कोरडे ओढले, त्यांच्या मागें गांवोगांवच्या शेतकऱ्यांचें हेंच दुःख होतें.

मावळ व मुळशी या भागांत हें दुःख राबाच्या निमित्तानें अधिक बोंचलें. भाताचें रोप तयार करावयाचें, तर आधीं उन्हाळ्यांत त्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर पसरावयाचे, त्यांवर माती टाकावयाची आणि तें सारें भाजावयाचें, ही येथली जुनी रीत. त्यासाठीं ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षीं छाटाव्या लागत. जंगलखात्यास यांत निव्वळ अज्ञान व नासधूस दिसली. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत तर या प्रश्नावरून एवढी ओरड झाली कीं, १८८५ सालीं सरकारास चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. त्याच सुमारास इलाख्याच्या शेतकी खात्याचे ओझान यांनीं शहाणपणाची एक गोष्ट केली. राब चांगला कीं वाईट, याची चर्चा करीत न बसतां त्यांनीं लोणावळ्यास राबाचे प्रयोग केले. राब भाजलेल्या व न भाजलेल्या वाफ्यांतील रोपें त्यांनीं ताडून पाहिलीं, आणि राबास आधार आहे असें आढळलें. भाजल्यानें तणाचें बीं मरतें, माती भुसभुशीत होते आणि रोप जोमानें वाढतें. पुढें विलायतेहून आलेले शेतकी रसायनज्ञ डॉ. व्होल्कर यांनीं १८९३ च्या आपल्या अहवालांत या प्रयोगांची दखल घेतली. माझ्या मतें आमच्याकडील वनसंशोधनांतील हा पहिला प्रामाणिक टप्पा होय. कारण येथें शेतकऱ्यास आरोपी न मानतां साक्षीदार मानलें गेलें.

दुसरा टप्पा येण्यास जवळ जवळ शंभर वर्षें लागलीं. १९७० नंतर पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि त्यांच्यासह माधव गाडगीळ हे सह्याद्रींतील देवराया पाहत हिंडूं लागले. देवराई म्हणजे गांवानें देवाच्या नांवें राखलेलें रान. तेथें कुऱ्हाड चालवावयाची नाहीं, असा दंडक. ब्रँडिसनेंही पूर्वीं देवरायांविषयीं आदरानें लिहिलें होतें. परंतु एकेका गांवीं जाऊन झाडांची मोजदाद करावी, त्यांची पद्धतशीर यादी करावी, हें काम या दोघांनीं केलें. १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादींत महाराष्ट्रांतील दोनशेंहून अधिक देवरायांची नोंद आहे. श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी या गांवच्या लोकांनीं आपली देवराई वांचविण्यासाठीं जें गाऱ्हाणें केलें, त्यांत मुख्य कारण दिलें होतें तें हें कीं, रान तुटलें तर गांवचा बारमाही झरा आटेल. गिब्सननें जी गोष्ट सरकारास लिहून कळविली, तीच गांवकऱ्यांनीं देवाच्या नांवानें पिढ्यान्‌पिढ्या पाळली होती. इतिहासाच्या अभ्यासकास देवराईचें महत्त्व आणखी एका कारणानें वाटतें. या डोंगरावर पूर्वीं काय होतें, या प्रश्नाचें उत्तर देणारें तें जिवंत दप्तर आहे.

पण हें दप्तर ज्या प्रदेशाचें, त्याच प्रदेशापुरतें तें वाचलें पाहिजे. आणि येथेंच मारुंजीचा प्रश्न उभा राहतो. ताम्हिणीच्या घाटांत वर्षास दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. मारुंजीकडे येतां येतां तो तीस इंचांच्या आसपास उतरतो. या दोन जागांमधील अंतर पन्नास किलोमीटरांहून अधिक नाहीं. एकाच तालुक्याच्या पश्चिम टोकास सदाहरित रान, जेथें २०१३ सालीं अभयारण्य झालें. आणि पूर्व टोकास गवताचा माळ. तेव्हां, पश्चिमेच्या देवराईवरून पूर्वेच्या माळाचें पूर्वरूप ठरवितां येईल काय ?

या प्रश्नाचें उत्तर ज्या दिशेनें आलें, ती या मासिकाच्या वाचकांस विशेष आनंद देईल. २०२५ सालीं आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन तरुण संशोधकांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनीं साधन म्हणून घेतलें तें जुनें मराठी वाङ्मय व लोकवाङ्मय ! संतचरित्रें, देवस्थानांच्या कथा, ओंव्या, धनगरी परंपरा यांत कोणकोणत्या रानझाडांचीं नांवें येतात आणि भूमीचें वर्णन कसें येतें, तें त्यांनीं वेंचून काढलें. पंढरपुरास कान्होपात्रेच्या कथेशीं जोडलेलें झाड तरटीचें आहे, हें वारकऱ्यांस ठाऊक आहेच. आणि तरटी ही दाट रानांतील नव्हे, उन्हांतल्या उघड्या माळावरची वनस्पति. अशा नांवांची छाननी केली असतां बहुतेक झाडें माळरानाचींच निघालीं. त्यांवरून त्यांनीं असें अनुमान काढलें कीं, पश्चिम महाराष्ट्रांतील हीं माळरानें निदान साडेसातशें वर्षें तरी माळरानेंच आहेत. म्हणजे आगगाडी व आरमार यांसाठीं झालेल्या तोडीच्या कितीतरी आधीं, ज्ञानेश्वरांच्या काळींही, तेथें गवत डोलत होतें. माळ हा मेलेल्या रानाचा सांगाडा नव्हे. तो आपल्या जागीं एक पुरा संसार आहे. लांडगा, खोकड, चिंकारा हे त्या संसारांतले. आणि धनगरही त्यांतलाच.

हें अनुमान मारुंजीच्या प्रत्येक टेकाडास जसेंच्या तसें लावावें, असें माझें म्हणणें नाहीं. मारुंजी सीमेवरचें गांव आहे. ओढ्याच्या कांठीं, डोंगराच्या सांवलीच्या अंगास झाडोरा असावा आणि पठारावर गवत असावें, असेंच अशा सीमेवर बहुधा दिसतें. म्हणूनच तेथें एकच औषध सगळीकडे देणें घातक होय. आणि आपण तर नेमकें तेंच करीत आलों. पुण्याभोंवतालच्या टेकड्यांवर लवकर हिरवळ दिसावी म्हणून परदेशी उंदीरमारी मोठ्या प्रमाणावर लावली गेली. तिच्याखालीं गवत टिकत नाहीं. २०१६ पासून चार वर्षांत राज्यांत दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि तेहतीस कोटी असे वृक्षलागवडीचे संकल्प वर्षागणिक वाढत गेले. संकल्प लोकांच्या उत्साहास साजेसेच होते. परंतु किती झाडें, हा प्रश्न जितका मोठ्यानें विचारला गेला, तितका कोणती जमीन, हा विचारला गेला नाहीं. दाट लावलेलीं, झपाट्यानें वाढणारीं झाडें स्वतःच इतकें पाणी पितात कीं कमी पावसाच्या मुलखांत झरा वाढण्याऐवजीं आटण्याचा संभव असतो, हें आतां शास्त्रास मान्य झालें आहे. गिब्सन यांनीं पाहिलेलें कोंकण आणि आपला माळ यांतला भेद येथें ध्यानांत घ्यावा.

मग करावें काय ? ज्या गांवांनीं आपली जमीन खरोखर सुधारली, त्यांचा अनुभव असा आहे कीं, लावण्यापेक्षां राखण्यानें अधिक साधतें. नगर जिल्ह्यांतील हिंवरे बाजार या गांवानें १९९० नंतर कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, डोंगरावर समतल चर खणले, आणि गवत कापून न्यावें पण गुरें सोडूं नयेत, असा नियम केला. गवत वाढलें, दूध वाढलें, विहिरींचें पाणी वाढलें. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गांवास २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं सुमारें अठराशें हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तेथें तर ग्रामसभाच रानाची धनी झाली. मुळें जिवंत असलेलें तोडलेलें झाड राखणीनें फुटतें; पाखरें व वारा बीं आणतात; गवतास पेरावें लागत नाहीं. मात्र राखण टिकते ती तेव्हांच, जेव्हां राखणारास तें आपलें वाटतें. आज्ञापत्रकारांस ही गोष्ट ठाऊक होती.

मारुंजीस आतां अवधि थोडा आहे. माळाच्या जागीं मनोरे उठत आहेत, आणि जो तुकडा मोकळा राहील त्यावर कोणी तरी हौसेनें खड्डे खणील. त्या हौसेस माझी एकच विनंति आहे. फावडें मारण्यापूर्वीं एक वर्ष तेथें नुसतें जावें. पावसाळ्यांत कोणतें गवत येतें, हिंवाळ्यांत कोणतीं पाखरें उतरतात, ओढ्याच्या कांठीं कोणत्या झाडांचीं खोडें उरलीं आहेत, याची वही करावी. जुन्या सात-बाराच्या उताऱ्यांत त्या जागेस कुरण म्हटलें आहे कीं गायरान, तें पाहावें. आणि गांवांतील म्हाताऱ्या माणसांजवळ बसावें.

यंदा पावसाळ्याआधीं मी तेंच केलें. तेच शेळ्यांचे धनी भेटले. त्यांनीं मला सात प्रकारच्या गवतांचीं नांवें सांगितलीं. त्यांतलीं चार मीं जन्मांत ऐकलीं नव्हतीं. निघतांना ते म्हणाले, “मास्तर, औंदा झाडं न्हाई आणली?” मीं म्हटलें, “नाहीं बाबा, औंदा वही आणली आहे.”