मूठभर हरभऱ्याचा हिशेब

परवा बातमीसाठी मोंढ्यावर गेलो होतो. हरभऱ्याची आवक जोरात होती. माप झाल्यावर एक ओळखीचे काका टपरीवर नातवासाठी पाच-पाच रुपयांचे बिस्किटपुडे घेत उभे होते. सहज विचारलं, "काका, घरी खायला किती ठेवला हरभरा?"

"बियाण्यापुरता. बाकी सगळा घातला. खातंय कोण आता?"

हे "खातंय कोण आता" डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

हरभरा मुळात आपल्याकडचा नाही. त्याचा रानटी पूर्वज आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात सापडतो. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी त्याच पट्ट्यात माणसाने तो पेरायला सुरुवात केली. आपल्याकडेही तो काही कालपरवाचा पाहुणा नाही, सिंधू संस्कृतीच्या उत्खननात त्याचे दाणे मिळाले आहेत. इंग्रजीत त्याला 'ग्रॅम' म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज भाषेतल्या 'दाणा' या अर्थाच्या शब्दावरून आलेला. म्हणजे दाणा म्हटलं की हरभराच, एवढा त्याचा मान होता.

आपल्या काळ्या रानाशी तर त्याची जोडीच जमली. पाऊस संपल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर हे पीक निघतं. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीला देतात. हे पुस्तकात यायच्या आधीपासून आपले म्हातारे म्हणत आलेत, हरभऱ्याचा बेवड चांगला.

माझी आजी थंडीत पहाटे उठून हरभऱ्यावर पातळ फडकं फिरवायची आणि ते पिळून आंब बाटलीत भरायची. कुणाचं पोट दुखलं की चमचाभर आंब. शेंडे खुडले की भाजी. पुढे डहाळे, मग शेतातच भाजलेला हुळा. येळवशीला भज्जी. वर्षभर पिठलं, उसळ, फुटाणे. सणाला पुरण. एकाच पिकावर घराचं निम्मं ताट चालायचं.

मग बिघडलं कुठं?

1960 च्या दशकात हरितक्रांती आली. देश उपाशी होता, तिची गरज होतीच, याबद्दल वाद नाही. पण गव्हा-तांदळाला तीन गोष्टी एकदम मिळाल्या: कालव्याचं पाणी, सरकारी खरेदी आणि रेशनचं दुकान. पंजाब-हरियाणात एके काळी हरभरा मोठ्या प्रमाणावर व्हायचा, तिथून तो हळूहळू उठला. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र अशा कोरडवाहू रानात आला. 1951 मध्ये देशात माणशी रोज सुमारे 61 ग्रॅम डाळी-कडधान्य उपलब्ध होतं. शतक संपताना ते 30 ग्रॅमच्या आसपास आलं. निम्मं! पोट भरलं, पण ताट पातळ झालं.

शास्त्रज्ञ मात्र गप्प बसले नाहीत. राहुरीच्या विद्यापीठाने विजय, दिग्विजय दिले. अकोल्याचं नाव जाकी 9218 मुळे घरोघरी गेलं. लवकर येणारी, मर रोगाला तोंड देणारी वाणं आली आणि आपल्या भागात उत्पादन वाढलं. आज जगात सगळ्यात जास्त हरभरा भारतात पिकतो आणि महाराष्ट्र त्यात पुढच्या रांगेत आहे.

म्हणजे हरभरा आपल्या रानात आला, पण आपल्या ताटातून गेला. आणि तिकडे भावाचं रडगाणं आहेच. डिसेंबर 2023 मध्ये पिवळा वाटाणा आयात शुल्काशिवाय येऊ दिला. तो बेसनात स्वस्तात चालतो, दाब येतो हरभऱ्याच्या भावावर.

सरकारने प्रयत्नच केले नाहीत असं नाही. 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली, काही वर्षांत गुंडाळली गेली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये जुलै ते नोव्हेंबर रेशन कार्डावर घरटी महिन्याला एक किलो हरभरा मोफत होता. तेव्हा मी रेशनच्या रांगांच्या बातम्या करत होतो. एक बाई म्हणाल्या होत्या, "तांदूळ तर मिळतोच हो, हरभऱ्यानं लेकरं उसळ तरी खायलीत." नोव्हेंबर संपला, हरभरा संपला. पुन्हा गहू-तांदूळ.

मला चाळिशीतच शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, भात कमी करा, कडधान्य वाढवा. आजीने हे फुकटात सांगितलं असतं! शंभर ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात. भरपूर चोथा, लोह, फोलेट असतं. तो हळू पचतो, त्यामुळे साखर एकदम चढत नाही. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असतं ते हरभऱ्यात असतं, हरभऱ्यात जे कमी ते ज्वारीत. पिठलं-भाकरी ही जोडी उगीच टिकलेली नाही. तेलात तळलेली शेवही हरभऱ्याचीच, पण तिच्यावर हा हिशेब लावू नका.

आपल्याकडे म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. आज दातही आहेत, चणेही आहेत, तेही आपल्याच तालुक्याच्या गोदामात. मग ते रेशनवर कायमचे का नकोत? हमीभावाने इथेच खरेदी करा, इथल्याच कार्डावर द्या. शेतकऱ्याला गिऱ्हाईक, लेकराला उसळ. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांना हा एक प्रश्न आपण विचारू शकतो.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. आज रात्री दोन मुठी हरभरे भिजवा. सकाळी मीठ-हळद टाकून कुकरला लावा, कांदा-लसूण आणि काळ्या मसाल्याची फोडणी द्या, वरून लिंबू पिळा. लिंबाने त्यातलं लोह अंगी लागतं.

आणि तुमच्या घरी कुणी आंब धरायचं का? खाली लिहा. ती धरणारी माणसं आता थोडीच उरलीत.