तक्त्याच्या डोक्यावरची रंगछटा

धरमपेठ कॉलेज, एलएडी चौक, शंकरनगर... ॲक्वा लाइनच्या स्थानकांचा विकी-तक्ता करायचा, तर शीर्षकाची ओळ ॲक्वा रंगात हवी हे कुणालाही सुचेल. सीताबर्डीला तर ऑरेंज लाइन येऊन मिळते. तिथलं शीर्षक नारिंगीतून हळूच ॲक्वात विरघळलं तर काय बहार! आणि गंमत म्हणजे ऑरेंज व ॲक्वा ही दोन्ही नावं सीएसएसमध्ये आहेतच. बॅकग्राउंड, पुढे लिनिअर-ग्रेडियंट, कंसात दिशा आणि दोन रंग. झालं.

पण मंडळी, या एका ओळीमागे बारा वर्षांची भानगड आहे.

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ ला. तेव्हा वेबवर रंगछटा म्हणजे एक पिक्सेल रुंदीचं चित्र बनवायचं आणि ते आडवं रिपीट करत न्यायचं. इंटरनेट एक्सप्लोररकडे ५.५ पासून, म्हणजे २००० पासून, स्वतःचा फिल्टर होता. पण तो त्याच्या एकट्यापुरता. आणि चित्राची युक्ती विकीच्या पानात चालत नाही. तक्त्याच्या स्टाइलमध्ये कुणी यूआरएल घातला की मीडियाविकी ती अख्खी स्टाइल उडवून तिथे 'इनसिक्युअर इनपुट' असा शेरा ठेवतं. योग्यच आहे म्हणा. बाहेरच्या सर्व्हरवरचं चित्र लावू दिलं, तर पान उघडणाऱ्या प्रत्येकाचा आयपी पत्ता त्या सर्व्हरला आयता मिळेल. म्हणजे तेव्हा साध्या सदस्याने सपाट रंगावर भागवायचं, नाहीतर अख्ख्या विकीची कॉमन सीएसएस बदलायला प्रचालकाला गाठायचं.

एप्रिल २००८ मध्ये वेबकिटने जाहीर केलं की छटा आता ब्राउझरच रंगवेल, चित्र नको. चित्र नाही म्हणजे यूआरएल नाही, म्हणजे विकीचं दार उघडलं! पण जानेवारी २०१० मध्ये फायरफॉक्स ३.६ आला तो वेगळंच व्याकरण घेऊन. प्रत्येक ब्राउझरचा आपापला उपसर्ग, त्यामुळे एका छटेसाठी तीन-चार ओळी. त्यात २०१२ मध्ये प्रमाण व्याकरण ठरलं तेव्हा दिशाच फिरली. जुन्यात 'लेफ्ट' म्हणजे डावीकडून सुरुवात. नव्यात लिहायचं 'टू राइट', उजवीकडे. जुन्या ओळीचा नुसता उपसर्ग खोडून 'लेफ्ट' तसाच ठेवला, तर ब्राउझर ती ओळ मुकाट्याने टाकून देतो. एरर नाही, काही नाही.

खरा फटका वाचकाला बसतो तो इथेच. छटेवर उठून दिसावं म्हणून अक्षर पांढरं केलेलं असतं. छटा गेली, की खाली उरतो विकीटेबलचा फिकट राखाडी. पांढऱ्या अक्षराचं शीर्षक गायब! तक्ता भरलेला, पण कुठला स्तंभ कशाचा ते कळेना. उपाय अगदी साधा : छटेच्या आधी एक सपाट रंगाची ओळ. छटा न कळणारा ब्राउझर निदान तो रंग तरी दाखवतो.

असो. आपल्या सीताबर्डीच्या शीर्षकाकडे परत येऊ. २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० प्रमाणे साध्या आकाराच्या अक्षराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ उठाव हवा. सीएसएसच्या ऑरेंजवर पांढरं अक्षर जेमतेम २:१ देतं आणि ॲक्वावर १.२५:१. म्हणजे 'सीताबर्डी'वरचा रफार आणि वेलांट्या पार बुडाल्या. काळं अक्षर मात्र दोन्ही टोकांना १० च्या वर जातं. (मधोमध एक फिकट हिरवा पट्टा उगवतो, नागपुरात नसलेली तिसरीच मेट्रो लाइन!)

म्हणून काळंच अक्षर. पण तेही स्टाइलमध्ये लिहून द्यायचं, गृहीत धरायचं नाही. २०२४ मध्ये विकिपीडियाला डार्क मोड आला. त्यात पानाचं अक्षर आपोआप फिकट होतं, आणि आपण स्टाइलमध्ये लिहिलेला उजळ रंग खाली तसाच राहू शकतो. पुन्हा फिकटावर फिकट.