नोत्र दामच्या संघाचें सन १९२४ चें वर्ष

ज्युबिलीच्या अंकांत देऊळ कोणीं बांधलें, घंटा कोणीं अर्पण केली, याची नोंद होणें योग्यच आहे. परंतु ख्रिस्तसभेचा इतिहास केवळ वेदीपाशींच घडतो असें नाहीं. कधीं कधीं तो खेळाच्या मैदानावरही घडतो. आमच्या तरुण वाचकांसाठीं अशीच एक हकीकत आम्ही येथें सादर करीत आहों.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यांत साउथ बेंड शहराजवळ नोत्र दाम हें कॅथलिक विद्यापीठ आहे. होली क्रॉस संस्थेचे फ्रेंच धर्मगुरु फादर एडवर्ड सोरिन यांनीं सन १८४२ मध्यें तें स्थापिलें व पवित्र मरियेचेंच नांव त्यास दिलें. सन १९२० नंतर त्या राज्यांत कू क्लक्स क्लॅन या गुप्त मंडळीचें मोठें प्रस्थ माजलें. काळे लोक व ज्यू यांच्याप्रमाणेंच कॅथलिकांचाही ती द्वेष करी. कॅथलिक मनुष्य पोपचा चाकर, तो देशाशीं एकनिष्ठ राहणार नाहीं, असा तिचा आरोप होता. १७ मे १९२४ रोजीं क्लॅनचे लोक साउथ बेंड येथें मेळाव्यास जमले असतां विद्यार्थ्यांनीं त्यांस रस्त्यांत गांठलें व हाणामारी झाली. दोन दिवसांनीं पुन्हां दंगल उसळली, तेव्हां विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श स्वतः तेथें गेले व मुलांची समजूत घालून त्यांस माघारीं घेऊन आले. मुलांचा संताप साहजिक होता; पण मारामारीनें कोणताही आरोप खोटा ठरत नाहीं, उलट त्यास बळ मिळतें.

योग्य उत्तर त्याच वर्षाच्या खेळाच्या हंगामांत मिळालें. अमेरिकेचा फुटबॉल आपल्याकडील फुटबॉलहून निराळा आहे. त्यांत चेंडू हातांत घेऊन धावतात, आणि प्रतिपक्षाचे गडी धावणाऱ्यास धरून खालीं पाडतात. संघाचे शिक्षक नूट रॉकनी हे नॉर्वे देशांत जन्मलेले व त्या वेळीं प्रॉटेस्टंट होते. १८ ऑक्टोबर रोजीं न्यूयॉर्क येथें त्यांच्या संघानें लष्करी विद्यालयाच्या संघास १३-७ असें हरविलें. तेव्हां ग्रँटलँड राइस या वृत्तपत्रकारानें स्टुलड्रेहर, मिलर, क्राउली व लेडन या चौघांस प्रकटीकरणाच्या पुस्तकांतील चार घोडेस्वारांची उपमा दिली, आणि तीं नांवें देशभर गाजलीं.

परंतु त्या चौघांसाठीं वाट मोकळी करणारे सात गडी पुढें असत. त्यांस लोक कौतुकानें ‘सात खेचरें’ म्हणत. त्यांचा नायक अॅडम वॉल्श हा त्या सामन्यांत दोन्ही हातांचीं हाडें मोडलेलीं असतांही खेळला. शिवाय रॉकनी पुष्कळदां दुय्यम गड्यांस आरंभीं उतरवीत. प्रतिपक्षाचा पहिला जोर त्यांनीं सोसावा, मग नांवाजलेल्यांनीं यावें! ज्यांच्या खांद्यांवर विजय उभा राहतो त्यांचीं नांवें क्वचितच छापलीं जातात.

दहा सामने झाले व दहाही जिंकले. संघानें २८५ गुण मिळविले, दिले अवघे ५४. शेवटचा सामना १ जानेवारी १९२५ रोजीं कॅलिफोर्नियांतील पॅसाडेना येथें स्टॅनफर्डशीं झाला, व तो २७-१० असा जिंकला. त्यांत लेडन यानें प्रतिपक्षानें फेंकलेला चेंडू दोनदां मधेंच झेलून शेवटच्या रेषेपलीकडे नेला.

या खेळानें क्लॅनचा पराभव झाला, असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच नोव्हेंबरांत क्लॅनच्या पाठिंब्याचा मनुष्य इंडियानाचा गव्हर्नर निवडून आला. पुढें सन १९२५ मध्यें क्लॅनचा तेथील पुढारी स्टीफन्सन खुनाच्या गुन्ह्यांत दोषी ठरला, तेव्हां त्या मंडळीचें बळ मोडलें. तथापि ज्यांस परके म्हणून हिणविलें जाई, त्या गरीब कॅथलिक कुटुंबांस या मुलांनीं मान ताठ करून चालण्याचें धैर्य दिलें, हें कांहीं थोडें नव्हे.

पुढील दोन गोष्टी आम्हांस विजयाहूनही मोठ्या वाटतात. नोव्हेंबर १९२५ मध्यें रॉकनी यांनीं कॅथलिक धर्म स्वीकारला. आणि विद्यापीठानें हंगामानंतरचे असे मानाचे सामने खेळण्याचें सोडून दिलें. सन १९७० च्या जानेवारीपर्यंत त्याचा संघ अशा सामन्यास गेला नाहीं. कीर्ति दाराशीं आली असतां तिला बाहेर थांबवणें हें सामना जिंकण्याहून कठीण आहे.

तरुण मित्रहो, अपमान आपल्याही वांट्यास येईल. त्या वेळीं हात उगारण्यापूर्वीं या संघाचें स्मरण करा, व आपलें काम असें चोख करा कीं निंदकास बोलावयास जागाच उरूं नये.