कारागृह व्यवस्था, भारतातील

भारतातील कारागृह व्यवस्था : गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा झालेल्या, खटल्याचा निकाल लागायचा असलेल्या किंवा प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्या माणसांना लेखी आदेशानुसार बंदिवासात ठेवणारी शासकीय यंत्रणा. पोलीस ठाण्यातील कोठडी तिच्यात मोडत नाही. अठरा वर्षांखालील मुलांची निरीक्षणगृहेही नाहीत. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत कारागृहे राज्यसूचीत आहेत (नोंद ४). त्यामुळे देशभराचे एकच तुरुंगखाते अस्तित्वात नाही. प्रत्येक राज्याचे खाते वेगळे, नियमावली वेगळी. केंद्राकडून नमुना नियमावली येते (१९६०, २००३, २०१६), राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग वार्षिक आकडेवारी काढतो. हुकूम मात्र राज्याचाच चालतो.

एवढी खाती असूनही तुरुंग सगळीकडे सारखाच भासतो, याचे कारण १८९४ चा कारागृह अधिनियम. मेकॉलेच्या सूचनेवरून नेमलेल्या समितीने १८३८ मध्ये अहवाल दिला, तेव्हापासून तुरुंग म्हणजे कष्ट आणि धाक हीच धारणा होती. १८९४ चा कायदा त्याच मुशीतला : कोंडणे, मोजणे, कामाला लावणे. माणूस सुधारणे हेही तुरुंगाचे काम आहे, हे अखिल भारतीय तुरुंग समितीने (१९१९-२०) पहिल्यांदा स्पष्ट मांडले. स्वातंत्र्यानंतर न्या. आनंद नारायण मुल्ला समितीने (१९८०-८३) आणि स्त्री-बंद्यांपुरते न्या. कृष्ण अय्यर समितीने (१९८७) तोच धागा पुढे नेला. केंद्राने २०२३ मध्ये नमुना कारागृह व सुधारसेवा अधिनियम तयार केला. पण तो नमुनाच आहे, राज्याने स्वीकारल्यावाचून लागू होत नाही.

कारागृहांचे मुख्य प्रकार मध्यवर्ती, जिल्हा, उपकारागृह, महिला, खुले, विशेष आणि तरुण गुन्हेगारांचे बोर्स्टल असे आहेत. २०२२ च्या अखेरीस देशात १,३३० कारागृहे होती : ५७४ उपकारागृहे, ४२८ जिल्हा, १४८ मध्यवर्ती, ९१ खुली, ४२ विशेष, ३४ महिला, १० बोर्स्टल आणि ३ इतर. त्यांत ४,३६,२६६ जणांची सोय होती आणि ५,७३,२२० जण राहत होते.

महाराष्ट्राच्या खात्याचे मुख्यालय पुण्यात असून प्रमुखपदी कारागृह महानिरीक्षक असतो. मुंबई (आर्थर रोड), ठाणे, तळोजा, येरवडा, नाशिक रोड, कोल्हापूर (कळंबा), छत्रपती संभाजीनगर (हर्सूल), नागपूर आणि अमरावती येथे मध्यवर्ती कारागृहे आहेत. येरवडा १८७१ चे. ठाण्याचे कारागृह तर जुन्या किल्ल्यातच आहे. गोव्याचे मध्यवर्ती कारागृह आग्वाद किल्ल्यातून २०१५ मध्ये कोलवाळला हलले. कारागृहावर अधीक्षक, त्याखाली उपअधीक्षक, तुरुंगाधिकारी, सुभेदार, हवालदार आणि शिपाई अशी उतरंड असते. सर्वांत खालची पायरी बंद्यांतूनच भरली जाते. चांगल्या वर्तणुकीच्या पक्क्या कैद्याला वॉर्डर नेमतात आणि बराकीतली मोजणी, पहारा, कामावरची देखरेख यांचा बराच भार तो वाहतो.

वर्गवारी : नवा बंदी दरवाजातून आत आला की झडती होते, अंगावरच्या खुणा लिहिल्या जातात, वैद्यकीय अधिकारी तपासतो. मग तो कोणासोबत राहणार हे ठरते. १८९४ च्या कायद्याचे कलम २७ चार भिंती घालते : स्त्रिया पुरुषांपासून, एकवीस वर्षांखालील तरुण मोठ्यांपासून, गुन्हा सिद्ध न झालेले सिद्ध झालेल्यांपासून आणि दिवाणी कैदी फौजदारी कैद्यांपासून वेगळे. शेवटची भिंत आता फारशी कोणाला ठाऊक नसते. दिवाणी कैदी म्हणजे पैशाचा हुकूमनामा न फेडल्याबद्दल अटकेत गेलेला ऋणको. त्याच्या पोटापाण्याचा भत्ता धनकोने आधी भरावा लागतो, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही.

बोलीभाषेत कच्चा कैदी आणि पक्का कैदी. कागदावर न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी. सगळ्या वर्गवारीत मोलाची हीच एक. कच्च्या कैद्याला कायदा निर्दोष मानतो, म्हणून तो स्वतःचे कपडे वापरू शकतो, परवानगीने बाहेरून अन्न घेऊ शकतो, त्याच्यावर कामाची सक्ती नसते. पक्क्या कैद्याची पुढची विभागणी शिक्षेनुसार होते. साध्या कैदेत श्रम सक्तीचे नाहीत, सश्रम कारावासात आहेत; पहिल्यांदा आलेला आणि सराईत यांना निराळे ठेवायचे असते. फाशीची शिक्षा झालेल्याला वेगळ्या कोठडीत ठेवतात, पण तेवढ्यावरून त्याला एकांतवासात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा खटल्यात (१९७८) बजावले. आईसोबत आत आलेले मूल सहा वर्षांचे होईपर्यंत तिच्याजवळ राहू शकते. ते कोणत्याच वर्गात बसत नाही आणि तरी त्याचे दिवस आतच उगवतात.

गुन्ह्याशी संबंध नसलेल्या दोन वर्गवाऱ्याही तुरुंगात रुजल्या होत्या. पहिली प्रतिष्ठेची. लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि सहकाऱ्यांनी राजबंद्यांना माणसासारखे वागवा म्हणून उपोषण केले. जतीन दास ६३ व्या दिवशी, १३ सप्टेंबर १९२९ रोजी गेले. सरकारने १९३० मध्ये अ, ब आणि क असे वर्ग आणले. ‘राजबंदी’ हा शब्द टाळून सामाजिक स्थान, शिक्षण आणि राहणीमान यांवर वर्ग ठरू लागला. सत्याग्रही एकाच चळवळीचे. पण वकील वरच्या वर्गात आणि शेतमजूर ‘क’ वर्गात, अशी त्यांची फाटाफूट झाली. चांगली राहणी ज्याला सवयीची नाही त्याला ती कमी लागते, हा त्यामागचा विचार मुळातच अन्यायाचा होता. स्वातंत्र्यानंतरही तो अनेक राज्यांच्या नियमांत टिकला.

दुसरी वर्गवारी जातीची, आणि ती अधिक खोल गेलेली. काही राज्यांच्या नियमावलींत स्वयंपाकासाठी ‘योग्य’ जातीचे बंदी आणि सफाईसाठी ठरावीक जातींचे बंदी नेमण्याची तरतूद होती. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे ओझेही ‘सराईत’ या शब्दाआड शिल्लक होते. तो कायदा १९५२ मध्ये संपला, या जमातींना डांबून ठेवणाऱ्या सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण गेले; पण त्यांच्यावरचा, म्हणजे आता विमुक्त म्हटल्या जाणाऱ्यांवरचा, जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का नियमपुस्तकांतून पुसला गेला नव्हता. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी हे नियम घटनाबाह्य ठरवले आणि बंद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. तुरुंगाच्या इतिहासात एवढा मोठा निकाल विरळाच.

रजा, माफी आणि खुले कारागृह : महाराष्ट्रात पक्क्या कैद्याला संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) मिळू शकते. चांगले वर्तन आणि काम यांबद्दल शिक्षेत सूट मिळते, तिला माफी म्हणतात. फाशीही होऊ शकेल अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला शासनाची सूट मिळाली तरी चौदा वर्षे आत काढावीच लागतात. पुरेशी शिक्षा भोगलेल्या, विश्वासू बंद्यांना खुल्या कारागृहात पाठवतात. तिथे उंच तट नसतो, शेती असते. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसाहत उभारली. पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांची ती कल्पना. बंदी कुटुंबासह राहून शेत कसत. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची प्रेरणा याच प्रयोगात आहे. पैठणचे खुले कारागृह १९६८ चे.

न्यायाधीन बंदी : २०२२ च्या अखेरीस देशातील बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, कच्चे कैदी होते. व्यवस्था रचली गेली पक्क्यांसाठी. काम, मजुरी, माफी, फर्लो, खुले कारागृह हे सारे शिक्षा झालेल्याच्या वाट्याचे. कच्च्याला सक्तीचे काम नाही, तशी कामातून मिळणारी सूटही नाही. पुढे शिक्षा झालीच तर आधी आत काढलेले दिवस वजा होतात, सुटला तर ते कोणीच परत देत नाही. दोघांतली कलम २७ ची भिंत गर्दीत टिकणे कठीण असते. पुष्कळ जण जामीन मंजूर होऊनही जामीनदार किंवा रक्कम नाही म्हणून आतच राहतात. हुसैनारा खातून खटल्यात (१९७९) बिहारच्या तुरुंगांतले असे बंदी न्यायालयासमोर आले. त्यांतले काही आरोपित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ कोंडलेले होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार कमाल शिक्षेचा अर्धा काळ आत काढलेला कच्चा कैदी जामिनास पात्र ठरतो, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेला एक तृतीयांश काळानंतर. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असणाऱ्यांना ही सवलत नाही. मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज पाठवणे हे कारागृह अधीक्षकाचे कर्तव्य आहे; बंद्याने वकील शोधून येण्याची वाट त्याने पाहायची नाही.